विशेष शिक्षकाच्या प्रशिक्षणात सरावासाठी पूर्ण वर्ष हवे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिव्यांग विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी अधिकाधिक तरुणांनी पुढे यावे, असे आवाहन अधूनमधून वाचनात येते. ते योग्यच आहे. परंतु या तरुणांना प्रशिक्षणात नेमके काय शिकवले जाते आणि काय शिकवायचे राहून जाते, यावर फारसे कोणी लिहीत नाही. छात्राध्यापकांच्या सरावपाठांचे निरीक्षण मी दीर्घकाळ करत आले आहे आणि त्या अनुभवावरून एक मागणी आग्रहाने मांडत आहे. विशेष शिक्षक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने प्रशिक्षणातील किमान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष एकाच वर्गात, एकाच अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली काढले पाहिजे.

दिव्यांगत्वाचे प्रकार, त्यांची कारणे, मूल्यमापनाच्या चाचण्या, कायदे हे सारे व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून शिकता येते आणि ते यायलाच हवे. मुलाला मदत किती करायची आणि ती केव्हा काढून घ्यायची, हे मात्र पुस्तकातून येत नाही. शर्टाचे बटण लावण्यासारखे साधे काम घ्या. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला ते शिकवताना शिक्षक त्याचे लहान टप्पे पाडतो : बटण चिमटीत धरणे, काजापाशी आणणे, अर्धे आत सारणे, दुसऱ्या बाजूने पकडणे, ओढून घेणे. पुष्कळदा शिकवण्याची सुरुवात शेवटच्या टप्प्यापासून केली जाते. आधीचे सगळे शिक्षक करून देतो आणि शेवटचे ओढणे तेवढे मुलाकडे सोपवतो. त्यामुळे काम आपण पुरे केले, हा अनुभव त्याला पहिल्याच दिवशी मिळतो. पुढे एकेक टप्पा त्याच्याकडे जातो. हातावरचा शिक्षकाचा हात मनगटाकडे सरकतो, मग कोपराकडे. मग नुसता स्पर्श, मग खूण, आणि अखेर काहीही न करता वाट पाहणे. हे वाट पाहणेच सर्वांत अवघड. सूचना दिल्यानंतर मुलाला विचार करायला आणि हात हलवायला वेळ लागतो, आणि त्या काही सेकंदांत नवख्या शिक्षकाला स्वतःला आवरता येत नाही. मदत सतत मिळत राहिली की मूल तिच्यावर विसंबते आणि जे त्याला सहज जमले असते तेही करायचे थांबते.

सध्याच्या सरावपाठांची रचना नेमकी या कौशल्याच्या विरुद्ध जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. तासिका एक, परीक्षक समोर बसलेला, पाठ ‘यशस्वी’ झाला पाहिजे ही चिंता. अशा वेळी छात्राध्यापक मुलाचा हात धरून उत्तर पूर्ण करून घेतो आणि त्याला चांगले गुण मिळतात. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मदत काढून घेतल्यावर काही दिवस मुलाची कामगिरी घसरलेली दिसू शकते, आणि ती घसरण धीराने पाहण्याची मुभा दोन-चार आठवड्यांच्या सरावात कोणालाच मिळत नाही.

वर्तनाच्या बाबतीतही तेच. एखादे न बोलणारे मूल रोज ठरावीक तासाला ओरडते म्हणून त्याला वर्गाबाहेर नेले जाते. ओरडण्यापूर्वी काय घडले, मुलाने नेमके काय केले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले, याची नोंद काही दिवस ठेवली, तर कदाचित दिसते की काम झेपत नसल्याचे ते मूल ज्या एकमेव मार्गाने सांगू शकते त्या मार्गाने सांगत आहे, आणि बाहेर नेल्यामुळे हा मार्ग उपयोगी पडतो, हे त्याच्या मनात पक्के होत आहे. अशा वेळी काम सोपे करणे आणि ‘थांबूया’ असे सांगणारे चित्रकार्ड त्याच्या हाती देणे, हा उपाय असतो. पण त्यासाठी तेच मूल अनेक दिवस पाहावे लागते.

अॅन सुलिव्हन यांचे उदाहरण येथे मुद्दाम देते. 1887 साली हेलन केलर या अंध-कर्णबधिर मुलीला शिकवायला जाण्यापूर्वी सुलिव्हन यांनी आधीच्या पिढीतील शिक्षक सॅम्युएल ग्रिडली हाउ यांच्या नोंदी बारकाईने वाचल्या होत्या; लॉरा ब्रिजमन या दुसऱ्या अंध-कर्णबधिर मुलीला शिकवताना हाउ यांनी त्या लिहून ठेवल्या होत्या. प्रत्यक्ष कामात मात्र हेलनच्या तान्ह्या नातलगाचे निरीक्षण केल्यावर त्यांनी ठरावीक वेळेचे पाठ बाजूला ठेवले आणि लहान बाळाशी बोलावे तसे दिवसभर तिच्या तळहातावर बोटांच्या खुणांनी अक्षरे जुळवत बोलायला सुरुवात केली. आधीच्यांच्या नोंदी आणि समोरच्या मुलाचे निरीक्षण, या दोहोंची जोड त्या एकाच मुलीबरोबर दिवसचे दिवस राहिल्यामुळे जुळली. सुलिव्हन यांची स्वतःची दृष्टीही अधू होती, हेही विसरता कामा नये.

यावरून आणखी एक सूचना करते. प्रशिक्षण देणाऱ्यांत स्वतः दिव्यांग असलेले शिक्षक असलेच पाहिजेत. 1880 मध्ये मिलान येथे भरलेल्या, जवळजवळ सर्वच श्रवणक्षम सदस्य असलेल्या परिषदेने कर्णबधिरांच्या शिक्षणात केवळ मौखिक पद्धतीचा, म्हणजे खुणांऐवजी बोलण्यातून आणि ओठांच्या हालचाली वाचण्यातून शिकवण्याचा, ठराव केला आणि त्यानंतर कित्येक पिढ्यांना वर्गात सांकेतिक भाषेला मुकावे लागले. त्या ठरावांचा औपचारिक अव्हेर व्हायला 2010 साल उजाडले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2006 सालच्या करारातील चोविसावे कलम सांकेतिक भाषा आणि ब्रेल जाणणाऱ्या, तसेच स्वतः दिव्यांग असलेल्या शिक्षकांच्या नेमणुकीचा स्पष्ट उल्लेख करते.

पूर्ण वर्षाचा सराव खर्चिक आहे, आणि मार्गदर्शक शिक्षक आधीच कामाने वाकलेले असतात, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच मार्गदर्शकाच्या तासिका कमी करून छात्राध्यापकाबरोबर रोज चर्चा करण्यासाठी त्याला वेळ द्यावा, आणि या कामाचा वेगळा मोबदलाही द्यावा. अंतिम मूल्यमापनही एका दिवसाच्या पाठावर न करता, छात्राध्यापकाने एका विद्यार्थ्याबद्दल वर्षभर ठेवलेल्या नोंदींवर करावे. त्या विद्यार्थ्यासाठी आखलेली उद्दिष्टे, त्यांत वेळोवेळी केलेले बदल आणि कोणती मदत केव्हा व का काढून घेतली, हे त्या नोंदींत परीक्षकाला वाचता आले पाहिजे.

आपली विश्वासू,
एक विशेष शिक्षक-प्रशिक्षक