गॅलरीतील कुंड्या हटविण्याच्या सूचनेबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, पुणे.

विषय : गॅलऱ्यांतील कुंड्या हटविण्याच्या सूचनेचा फेरविचार करून पंपरूममागील मोकळ्या पट्ट्यात सुगंधी वनस्पती लावण्यास परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

यंदाच्या पावसाळ्यात आपल्या आवारात डेंग्यूची लागण झाल्यानंतर समितीने सूचनाफलकावर लावलेली सूचना मी काळजीपूर्वक वाचली. जिन्यातील आणि गॅलरीतील सर्व कुंड्या हटवाव्यात आणि आवारात नियमित धूरफवारणी केली जाईल, असे तीत म्हटले आहे. जिना मोकळा असलाच पाहिजे, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. कठड्याच्या बाहेरच्या बाजूला टांगलेल्या कुंड्याही काढल्या पाहिजेत, कारण त्या खाली कोणाच्या डोक्यावर पडतील याचा नेम नाही. मात्र गॅलरीच्या आतील कुंड्या सरसकट काढण्याने डास कमी होणार नाहीत, असे माझे स्पष्ट मत असून त्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास मातीत वाढत नाही, तो साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले बोटभर पाणीही त्याला पुरते. ताटली उचलून उजेडात धरली, तर पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, कडेला, काळसर बारीक ठिपके चिकटलेले दिसतात. ती त्याची अंडी. पाणी ओतून दिले तरी ती तशीच राहतात, कोरडी होऊनही कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी मिळताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणून ताटली नुसती रिकामी करून भागत नाही, ती घासावी लागते. उबदार हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात, आणि आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा, म्हणजे पाणी साचणारी सर्व भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवा, असे सांगितले जाते ते याच हिशेबाने. हाच नियम कूलर, फ्रीजमागचा ट्रे, गच्चीवरील टाक्यांची उघडी झाकणे आणि डक्टमध्ये पडलेल्या रिकाम्या डब्यांनाही लागू होतो. त्यांचा सूचनेत उल्लेखही नाही, याचे मला वाईट वाटले.

धुराने फक्त उडते डास मरतात. अंडी आणि अळ्या शाबूत राहतात. शिवाय एडिस दिवसा चावतो आणि एरवी पडद्यामागे, पलंगाखाली, कपाटाच्या अंधारात बसतो. दारे-खिडक्या लावून घेतलेल्या घरात आवारातला धूर तिथवर पोहोचत नाही. दम्याचा त्रास असलेल्या सभासदांना मात्र त्याचा उपद्रव होतो, तेव्हा फवारणी करायचीच असेल तर किमान आदल्या दिवशी कळवावे.

आता सुगंधी वनस्पतींविषयी. नर्सरीत ‘डास पळवणारे झाड’ म्हणून महागडी रोपे विकली जातात आणि आपल्यातील काही सभासदांनी ती मोठ्या विश्वासाने आणली आहेत. ती नुसती कोपऱ्यात उभी राहून डास पळवत नाहीत. अशा रोपांचा सुगंध पानातील तेलात असतो, आणि पान चुरडल्याशिवाय ते तेल पुरेसे बाहेर पडत नाही. गवती चहाचे पान दोन बोटांत फाडून पाहिले की हे लगेच कळते. तेल अंगाला लावले तरी ते लवकर उडून जाते, त्यामुळे सिट्रोनेलाचा (गवती चहाच्याच जातीच्या गवताच्या तेलाचा) परिणाम तास-दोन तासांपलीकडे सहसा टिकत नाही. डेंग्यूच्या दिवसांत केवळ तुळशीच्या भरवशावर कोणी मच्छरदाणी काढून ठेवू नये. डासांसाठी घरात ठेवलेला कापूर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये, कारण तो पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. आणि सुवासिक तेले मांजरांना बाधतात, म्हणून मांजर असलेल्या घरांनी विशेष जपावे.

असे असूनही या वनस्पती मला आवारात हव्या आहेत, कारण घरातल्या इतर किडींसाठी त्यांचा उपयोग खरा आहे. उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरताना सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थराथरांत घालण्याची आपली रीत पोरकिड्यांना आवर घालते. मात्र गहू आधी कडकडीत उन्हात वाळलेला हवा आणि पाल्यात ओल राहता कामा नये. निर्गुडीचा पालाही याच कामाला येतो. रेशमी साड्या आणि जुन्या पोथ्यांत वेखंडाचे तुकडे पुरचुंडी बांधून ठेवले, तर डांबरगोळ्यांचा उग्र वास घरभर सोसावा लागत नाही. कुंडीतल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) पडल्यास एक लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. उन्हात त्यातील अझाडिरॅक्टिन हा कीड मारणारा घटक लवकर निकामी होतो. टोमॅटो-मिरचीच्या शेजारी झेंडू लावला, तर त्याच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यामुळे मातीतील सूत्रकृमी (मुळांना इजा करणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी) कमी होतात. झुरळे आणि वाळवी यांचे काम वेगळे आहे. तिथे पाल्याचा उपयोग नाही, जाणकार माणूसच बोलवावा.

तरी माझी विनंती अशी की, गॅलरीच्या आतील कुंड्यांना परवानगी ठेवावी, पण खाली ताटली ठेवायची असल्यास ती वाळूने भरलेली असावी, असा नियम करावा. दर रविवारी सकाळी कोरडा दिवस पाळावा आणि त्या दिवशी समितीचा एक सदस्य व प्रत्येक विंगमधील एक सभासद यांनी गच्ची, टाक्या व डक्ट यांची पाहणी करावी. पंपरूममागचा पट्टा सध्या फुटक्या फरश्या आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांनी भरलेला आहे. तो साफ केल्यास तिथे दुपारपर्यंत चांगले ऊन मिळते. गवती चहा, तुळस, पानओवा आणि झेंडू तिथे थेट जमिनीत लावता येतील, म्हणजे ताटल्यांचा प्रश्नच उरणार नाही. निर्गुडी मोठी वाढते, तेव्हा ती भिंतीपासून अंतर राखून कोपऱ्यात लावावी. गवती चहाचे ठोंब आणि पानओव्याच्या फांद्या मी माझ्याकडून देईन, आणि पहिल्या वर्षी पाणी घालण्याची व छाटणीची जबाबदारीही घेईन, त्यामुळे देखभाल खर्चात वाढ होणार नाही.

हा विषय समितीच्या पुढील सभेत घ्यावा आणि तोपर्यंत गॅलरीतील कुंड्यांबाबतच्या सूचनेची अंमलबजावणी थांबवावी, ही विनंती. आपण बोलावल्यास सभेला उपस्थित राहून शंकांचे निरसन करण्यास मी तयार आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
‘ब’ विंगमधील सभासद