कच्चे लेख वाचणाऱ्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सादर प्रणाम.

आमच्या विज्ञानलेखक मंडळातील सदस्यांची संत्राबागेवरील पुस्तिका आणि नागपूरजवळच्या टाकळी येथील जीवाश्मांवरील दिवाळी अंकातला लेख, ही दोन्ही कामे यंदा छापून आली. ऋणनिर्देशात आपले नाव घालू नये, हा आपला आग्रह आम्ही पाळला. मात्र आभार मानण्यास आपण मनाई केली नव्हती, म्हणून हे जाहीर पत्र, तेही नाव न घेता.

पुस्तिकेत डिंक्या रोगासाठी, म्हणजे संत्र्याच्या खोडातून डिंक गळतो त्या रोगासाठी, खोडाला लावायच्या बोर्डो मलमाचे प्रमाण आम्ही एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी असे लिहिले होते. हे प्रमाण फवारणीच्या एक टक्का मिश्रणाचे आहे. मलमाला पाणी १० लिटरच लागते. आम्हा तिघा तपासनिसांच्या नजरेतून निसटलेले ते शून्य आपल्याला लगेच खटकले, कारण काटोलजवळच्या बागेत आपण स्वतः वर्षानुवर्षे मलम लावत आला आहात. “इतके पातळ मलम खोडावर ठरेल कसे?” एवढेच आपण समासात लिहिले होते. पुस्तिका तशीच छापली गेली असती तर बागायतदारांना काय तोंड दाखवले असते, हा विचार अजूनही अस्वस्थ करतो.

‘ताण’ या शब्दाचेही तसेच झाले. लेखिकेने तो एखाद्या व्याधीसारखा मांडला होता. आंबिया बहारासाठी (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी) हिवाळ्यात आणि मृग बहारासाठी (पावसाळ्याच्या आरंभीच्या फुलोऱ्यासाठी) उन्हाळ्यात पाणी मुद्दाम तोडतात, यालाच ताण देणे म्हणतात; त्यामुळे झाडाची वाढ थांबून अन्नसाठा शिल्लक राहतो आणि पाणी सुरू झाल्यावर फूल येते. शिवाय हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा, हे आपण समजावल्यावर ते पान पूर्णपणे नव्याने लिहिले गेले.

भूविज्ञान आपला विषय नव्हे, असे आपण म्हणालात. तरी टाकळीच्या लेखाला खरे वळण आपल्याच प्रश्नाने मिळाले. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांचा नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरील निबंध १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला, इथून लेख सुरू होत होता आणि पुढे लाव्हाच्या थरांमधल्या गाळात सापडलेल्या गोगलगायी वगैरे जीवाश्मांची नुसती यादी होती. लाव्हा वाहत असताना गोगलगायी जगल्या कुठे, असे आपण विचारलेत. उद्रेक अखंड चालू नव्हते, दोन प्रवाहांच्या मधल्या दीर्घ काळात तळी साचली, झाडे उगवली आणि पुढच्या प्रवाहाखाली तो गाळ गाडला गेला, हे उत्तर आता लेखाच्या आरंभी आहे.

पुस्तिकेच्या दोन प्रती टपालाने पाठवल्या आहेत. मनसरच्या मँगनीजवरील कच्चा लेखही लवकरच आपल्याकडे येईल. आपल्या सूचनेप्रमाणे या वेळी समास रुंद ठेवला आहे.

आपला कृतज्ञ,
मंडळाच्या वतीने एक सदस्य
नागपूर