वर्गणी सभासदांच्या सभेतच ठरू द्या

प्रति,
मा. धर्मादाय आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

आमच्या तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात निवडणुकीच्या तोंडावर कार्यकारी मंडळाने वर्गणी तिप्पट केली, तीही मागच्या एप्रिलपासून. ठराव मंडळाच्या बैठकीत झाला. सभासदांना तो कळला देवघेवीच्या टेबलामागे चिकटवलेल्या कागदावरून. जुन्या दराने वर्षाचे पैसे भरलेले लोक फरकाच्या रकमेपोटी थकबाकीदार ठरले. मतदानाच्या दिवशी शिवणकाम करणारे एक जुने सभासद शिक्क्याची पावती घेऊन उभे होते आणि यादीत त्यांचे नाव नव्हते.

याचे मूळ 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमातल्या कलम 15 मध्ये आहे. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली, त्याला अधिनियमाखालच्या कामकाजात मत नाही. सभासद म्हणून तो मोजलाही जात नाही. तरतूद रास्त आहे. पण वर्गणी किती आणि ती कोणी ठरवायची, हे संस्थेच्या नियमावलीवर सोडलेले आहे. तिथे ‘दर कार्यकारी मंडळ वेळोवेळी ठरवील’ एवढेच वाक्य असले, की ज्यांना पुन्हा निवडून यायचे आहे त्यांच्याच हाती मतदारयादीची कात्री येते.

मंडळाचीही अडचण असते. वीजबिल, ग्रंथपालाचा पगार, मासिकांच्या वाढत्या किमती यांची झळ आधी चिटणीस-खजिनदारांना लागते. वर्षानुवर्षे वर्गणी न वाढवणारी संस्था शेवटी एखाद्या बड्या देणगीदाराच्या दारी जाऊन बसते, तेही वाईटच. म्हणून प्रस्ताव मंडळानेच आणावा, जमाखर्च समोर ठेवून आणावा. मंजुरी मात्र सर्वसाधारण सभेची हवी. आजीव सभासदांचा पेच उरतोच. ज्यांना पुन्हा पैसे भरायचे नाहीत, ते इतरांची वर्गणी वाढवायला सहज हात वर करतात. एवढ्या एका विषयावर वार्षिक वर्गणीदारांची मते वेगळी मोजावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरकारने दर ठरवावेत, असे मी मुळीच म्हणत नाही. संघटना करण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या कलम 19 ने दिले आहे, आणि खेड्यातल्या भजनी मंडळाची वर्गणी मुंबईत ठरू नये.

मात्र नव्या संस्थांच्या नियमावल्या नोंदणीसाठी आपल्याच कार्यालयांत येतात. त्यांच्यासाठी एक नमुना कलम द्या. वर्गणीवाढ सर्वसाधारण सभेतच व्हावी, जुना आणि नवा दर विषयपत्रिकेवर छापलेला असावा, वाढ मागच्या तारखेपासून लागू होऊ नये आणि निवडणूक जाहीर झाल्यावर तर दराला हातच लावू नये. जुन्या दराची पावती असलेला सभासद त्या वर्षापुरता थकबाकीदार धरू नये. जुन्या संस्थांनीही हे कलम स्वीकारावे, असे परिपत्रक काढा. मार्चअखेरचे हिशेब संपले की वार्षिक सभांच्या नोटिसा निघू लागतात. परिपत्रक त्याआधी संस्थांच्या हाती पडावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वर्गणीदार सभासद