'फेटाळली' म्हणजे शिक्कामोर्तब नव्हे

महोदय,
'सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली' अशी बातमी आली, की आमच्या पारावर लगेच ठरतं : 'दिल्लीनं सांगितलं, संपला विषय.' मथळाही बहुधा 'शिक्कामोर्तब' असाच असतो. तो चुकतो.

माझ्या चुलतभावाची जमीन पाझर तलावात गेली. वाढीव मावेजासाठी (भरपाईसाठी) तो उच्च न्यायालयाच्या खंडपीठात हरला आणि सोयाबीनचे पैसे मोडून दिल्लीला गेला. तिथं दोन मिनिटांत एका ओळीचा आदेश आला, कारण काही दिलं नाही. 'माझं म्हणणंच खोटं ठरलं' म्हणत तो आठ दिवस घराबाहेर पडला नाही.

खरं तर राज्यघटनेच्या कलम 136 खाली आधी अपिलाची परवानगी मागावी लागते. ती नाकारली, तर अपील उभंच राहत नाही. खंडपीठाचा निकाल त्याला लागू राहतो, पण दिल्लीनं तो बरोबर ठरवला असं होत नाही. कुन्हायम्मद विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात 2000 साली सर्वोच्च न्यायालयानंच हे स्पष्ट केलंय. कारणाविना दिलेला असा नकार कलम 141 खालचा, म्हणजे सगळ्या न्यायालयांना बांधणारा, कायदा होत नाही, आणि उच्च न्यायालयात पुनर्विलोकन (त्याच न्यायालयानं आपला निकाल पुन्हा तपासणं) मागायची वाटही त्यानं आपोआप बंद होत नाही. (फी घेताना वकीलसाहेबांनी हे सांगितलं असतं तर!) परवानगी देऊन, ऐकून मग अपील फेटाळलं, तर गोष्ट वेगळी.

त्याच तलावात जमिनी गेलेले आणखी शेतकरी आहेत. भावाचा तो कागद बघून त्यातल्या दोघांनी आपले दावे सोडायचं ठरवलंय.

– एक वाचक, गेवराई (जि. बीड)