गौरीला येत नाहीये, रागवू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर आईचा आवाज ऐकला असता तर मी विरघळले असते, म्हणून लिहितेय. गौरी-गणपतीला मी येत नाहीये. रजा माझी मीच मागे घेतली, साहेबांना बोल लावू नका.

बाबा, कारण तुम्हाला नक्की पटेल. आमच्याकडे राउटिंगला, म्हणजे इंटरनेटचा डेटा कुठल्या वाटेनं पाठवायचा ते ठरवायला, बर्ड नावाचं सॉफ्टवेअर आहे, मूळचं प्रागच्या विद्यापीठातलं. जुन्या आवृत्तीत त्याचे दोन प्रोग्राम वेगवेगळे चालायचे, एक आयपीव्ही४ चा (इंटरनेटचे जुने पत्ते), दुसरा आयपीव्ही६ चा (नवे, लांब पत्ते). जणू दोन खोल्यांत दोन सॉर्टर. २०१७ च्या डिसेंबरात २.० आलं आणि दोघांचा प्रोग्राम एक झाला. आमच्याकडे हा बदल नेमका गौरीच्या आठवड्यात होतोय, आणि फिल्टर, म्हणजे कुठला मार्ग घ्यायचा आणि कुठला नाकारायचा ते ठरवणारे नियम, सगळे माझ्या हातचे आहेत.

त्यात एक ओळ होती: प्रीफिक्सची (पत्त्याच्या सुरुवातीच्या ठरलेल्या बिटांची) लांबी २४ च्या वर गेली की नाकार. आयपीव्ही४ ला ते बरोबर, पत्ताच ३२ बिटांचा. आयपीव्ही६ चा १२८ बिटांचा, तिथे ३२ आणि ४८ रोजचेच. चाचणीत ती ओळ दोघांनाही लागली आणि आयपीव्ही६ चे जवळजवळ सगळे मार्ग गळाले. एरर एकही नाही, शेजारच्या राउटरशी सेशन सुरू दिसतंय. रात्री दीडला ते टेबल बघून पोटात गोळा आला.

तेव्हा मिरजेचं आरएमएस, ते रेल्वे टपालाचं ऑफिस, आठवलं. मला टपालाच्या थैलीवर बसवून तुम्ही म्हणायचात, "मनू, पिनचा पहिला आकडा आधी, बाकीचे मग." आता माझा प्रत्येक फिल्टर आधी नेट.टाइप, म्हणजे मार्ग व्ही४ चा की व्ही६ चा, ते तपासतो, मग लांबी: व्ही४ ला २४, व्ही६ ला ४८. नेक्स्ट हॉपवरून, म्हणजे वाटेतल्या पुढच्या राउटरच्या पत्त्यावरून, ओळखू, असं एक सहकारी म्हणत होता. तसल्या सुट्या पत्त्याला 'इज_व्ही४' ही तपासणी लावता येते, पण आयपीव्ही४ च्या मार्गाचा नेक्स्ट हॉप आयपीव्ही६ सुद्धा असू शकतो. मी ऐकलं नाही. आणि असलं काम दुसऱ्यावर टाकून आरतीला उभी राहिले असते, तर माझं लक्ष लागलं नसतं.

माझी काळजी नको. पोळ्यांच्या मावशी रोज येतात, रात्रपाळीलाही डबा सोबत असतो. आई, तू दिलेली गोधडी घेते अजून, एसीत तीच लागते. तिला अजून आपल्या कपाटाचा वास येतो गं.

बाबा, मखर काढायला माळ्यावर तुम्ही चढायचं नाही. शेजारच्या दादाला मी सांगितलंय, तो शनिवारी येईल. आई, बीपीची गोळी उपासालाही घ्यायची, आणि सोळा भाज्या एकटीनं निवडत बसू नकोस, काकूला बोलव. गुडघ्याचं तेल फ्रीजवर आहे.

दसऱ्याला चार दिवस येतेय. महालक्ष्मीचं तिकीट काढलंय. स्टेशनवर कुणी यायचं नाही, पहाटे गारठा असतो. माझ्या वाटणीची पुरणपोळी तेव्हाच कर.

तुमची,
मनू