इंग्रजी व्याकरणाच्या पेपरआधी लेकीस पत्र

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद.

इंग्रजीच्या व्याकरण आणि शब्दसंग्रहाच्या पेपरला आता सहा आठवडे उरलेत. व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं असशील तर तूर्त ते मिटून ठेव. हा पेपर तुझ्यासमोर एक वाक्य ठेवतो आणि विचारतो, इथे काय बसेल? नियम तोंडपाठ असलेली मुलंही इथे गुण घालवतात, कारण वाक्यातल्या खुणा पाहून कोणता नियम लागू होतो हे ओळखायची सवय नसते. तेव्हा तयारी उलट्या बाजूने कर. आधी वाक्य, मग चूक, आणि नियम सगळ्यात शेवटी.

पहिल्याच दिवशी एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडव, काहीही न वाचता. तपासताना नुसती फुली मारू नकोस, चूक कशामुळे झाली ते बाजूला लिही. नियमच माहीत नव्हता, की माहीत असून त्या वाक्यात सुचला नाही, की प्रश्न घाईत वाचला, की फक्त स्पेलिंग चुकलं? चौघांवरचे उपाय वेगळे आहेत. नियम माहीत नसेल तरच पुस्तक उघडायचं. माहीत असून सुचला नसेल तर त्या प्रकारची वीस-पंचवीस वाक्यं सलग सोडवायची. प्रश्न वाचण्यात गफलत झाली असेल तर कितीही व्याकरण वाचून उपयोग नाही, तिथे सूचनेतल्या मुख्य शब्दाखाली रेघ मारायची सवय लावावी लागते.

या चुकांसाठी एक वेगळी वही कर. डाव्या पानावर चुकलेलं अख्खं वाक्य, उजव्या पानावर बरोबर वाक्य, आणि ज्या शब्दामुळे उत्तर ठरलं त्याखाली रेघ. नियम एका ओळीत, तुझ्या शब्दांत, मराठीत लिहिलास तरी चालेल. दुसऱ्या दिवशी उजवं पान झाकून डावीकडची वाक्यं पुन्हा दुरुस्त कर. पंधरवड्यात तुला दिसेल की चुका ठरावीक पाच-सहा जागीच होतात. मराठी बोलणाऱ्या मुलांच्या या जागा बऱ्याच अंशी सारख्या असतात, म्हणून त्यांतल्या काही आधीच सांगून ठेवते.

सगळ्यात मोठी जागा काळांची. ‘मी पाच वर्षांपासून इथे राहते’ हे वाक्य घे. आपल्याकडे क्रियापद साध्या वर्तमानकाळात येतं आणि ‘पासून’ कालावधीलाही चालतं, आरंभाच्या क्षणालाही. त्यामुळे हात आपोआप ‘आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह यिअर्स’ असं लिहितो आणि एका वाक्यात दोन चुका होतात. पूर्वी सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला इंग्रजीत प्रेझेंट परफेक्ट लागतो आणि कालावधी मोजताना ‘फॉर’. म्हणजे ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह यिअर्स’. ‘सिन्स’ येतो तो सुरुवातीच्या बिंदूला: सोमवारपासून, २०१९ पासून, लहानपणापासून. पण ‘फॉर’ दिसला की डोळे मिटून परफेक्ट लिहू नकोस. ‘शी लिव्ह्ड देअर फॉर टेन यिअर्स’ हेही बरोबर आहे. ती आता तिथे राहत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेपर काढणाऱ्यांना ही जागा फार आवडते. पुढच्या वाक्यात ‘मग ती दुसरीकडे गेली’ असं काहीतरी दडलेलं असतं. म्हणून गाळलेली जागा भरण्याआधी एक वाक्य मागचं आणि एक पुढचं वाचायचंच.

‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘अगो’, ‘इन २०१९’ असा संपलेला काळ सांगणारा शब्द असेल तर सिंपल पास्ट. तिथे ‘हॅव’ला जागाच नाही. ‘हॅड’ लावायचा तो दोन भूतकाळी घटनांतली आधीची कोणती हे दाखवायला. ‘बाय द टाइम वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’ यात गाडी आधी सुटली. एकामागून एक घडत गेलेल्या साध्या घटनांच्या प्रत्येक क्रियापदाला ‘हॅड’ चिकटवला की परीक्षकाला लगेच कळतं की फरक समजलेला नाही.

काळांतलीच आणखी एक गोष्ट. ‘मी पोहोचेन तेव्हा फोन करेन’ यात मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ. इंग्रजीत ‘व्हेन’, ‘इफ’, ‘अन्टिल’, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ यांनी सुरू होणाऱ्या कालवाचक किंवा अटीच्या भागात ‘विल’ येत नाही: ‘आय विल कॉल यू व्हेन आय रीच’. ‘अनलेस’मध्ये नकार आधीच आहे, त्यामुळे ‘अनलेस यू डोन्ट वर्क हार्ड’ लिहिलंस तर अर्थच उलटा होतो. आणि ‘नो’, ‘बिलाँग’, ‘ओन’, ‘बिलीव्ह’ अशा स्थिती सांगणाऱ्या क्रियापदांना आयएनजी लावायचा नाही. ‘हॅव’चं मात्र अर्थावर ठरतं. मालकी किंवा नातं असेल तर ‘आय हॅव टू ब्रदर्स’, पण जेवण चालू असेल तर ‘आय अ‍ॅम हॅविंग लंच’ अगदी बरोबर.

आर्टिकलचा गोंधळ होतोच, कारण मराठीत त्यांना जागाच नाही. ‘अ’ की ‘अ‍ॅन’ हे पुढच्या शब्दाच्या उच्चारावर ठरतं, अक्षरावर नाही: ‘अ‍ॅन अवर’, ‘अ‍ॅन ऑनेस्ट मॅन’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘अ युरोपियन’. शब्द मनात म्हणून बघ, उत्तर मिळतं. कुठलंही आर्टिकल लावण्याआधी दोन प्रश्न विचार: हे नाम मोजता येतं का, आणि नेमकं कोणतं ते वाचणाऱ्याला ठाऊक आहे का? मोजता येतं, एकच आहे, ठाऊक नाही, तर ‘अ’. ठाऊक आहे, तर ‘द’. मोजता येत नाही किंवा अनेकवचनात सरसकट बोलतोय, तर काहीच नाही. ‘इन्फर्मेशन’, ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इक्विपमेंट’, ‘होमवर्क’ यांना ‘अ’ही लागत नाही आणि शेवटी एसही नाही. एवढी यादी मात्र पाठच कर.

डायरेक्टचं इनडायरेक्ट करताना क्रम ठरवून घे आणि तो कधीही मोडू नकोस. हे वाक्य बघ: ‘शी सेड टू मी, “व्हेअर डिड यू पुट माय बुक यस्टरडे?”’ प्रश्न आहे, म्हणून आधी ‘सेड टू’चं ‘आस्क्ड’. प्रश्नार्थक शब्द आहेच, तोच जोडायला वापरायचा. ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ फक्त हो-नाही उत्तराच्या प्रश्नाला. मग सर्वनामं: ऐकणारी मी, म्हणून ‘यू’चं ‘आय’, बोलणारी ती, म्हणून ‘माय’चं ‘हर’. मग काळ एक पायरी मागे: ‘डिड पुट’चं ‘हॅड पुट’. मग वेळ: ‘यस्टरडे’चं ‘द डे बिफोर’. आणि सगळ्यात शेवटी, जिथे निम्मी मुलं गुण घालवतात, तिथे शब्दांचा क्रम साध्या विधानाचा करायचा आणि प्रश्नचिन्ह काढायचं. तयार वाक्य: ‘शी आस्क्ड मी व्हेअर आय हॅड पुट हर बुक द डे बिफोर.’ सूर्य पूर्वेला उगवतो असलं कायमचं सत्य असेल तर काळ बदलला नाही तरी चालतो, एवढा अपवाद लक्षात ठेव.

व्हॉइस, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह वाक्याचं पॅसिव्ह करणं, त्यामानाने सोपा. मूळ क्रियापदाचा काळ ‘बी’च्या रूपात उतरव आणि पुढे तिसरं रूप लिही. कर्मच नसेल, जसं ‘हॅपन’, ‘अराइव्ह’, ‘डाय’ यांना, तर पॅसिव्ह होत नाही. क्रियापदाला चिकटलेला छोटा शब्द विसरू नकोस: ‘एव्हरीवन लाफ्ड अ‍ॅट हिम’चं ‘ही वॉज लाफ्ड अ‍ॅट बाय एव्हरीवन’ होतं, त्यातला ‘अ‍ॅट’ तसाच राहतो.

कर्ता आणि क्रियापद जुळवताना मधला मजकूर मनातल्या मनात खोडून टाक. ‘वन ऑफ द बॉइज’मध्ये कर्ता ‘वन’ आहे, म्हणून ‘इज’. ‘द टीचर, अलाँग विथ हर स्टुडंट्स’ इथेही ‘इज’. ‘अ नंबर ऑफ’ला अनेकवचन, ‘द नंबर ऑफ’ला एकवचन. प्रिपोझिशन मात्र तर्काने सुटत नाहीत, ती जोडीनेच लक्षात ठेवावी लागतात: ‘मॅरीड टू’, ‘गुड अ‍ॅट’, ‘डिपेंड ऑन’. ‘डिस्कस’ आणि ‘रीच’ यांच्या पुढे काहीच लागत नाही. ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘रीच टू’ या नेहमीच्या चुका.

आता शब्दसंग्रह. इथे वेळ सर्वांत जास्त वाया जातो, कारण मुलं शब्द आणि अर्थ अशी दोन रकान्यांची यादी करून वाचत बसतात. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि पेपरात आठवत नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला फार वेगाने विसरलं जातं, मग तो वेग मंदावतो. म्हणून एका दिवशी पन्नास शब्द घोकण्यापेक्षा रोज आठ घे आणि ते दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या दिवशी पुन्हा विचार. वाचू नकोस, स्वतःला विचार. आठवायला जो जोर लागतो, त्यानेच शब्द पक्का होतो. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या कागदावर पुढच्या बाजूला तो शब्द गाळलेलं वाक्य लिही, मागच्या बाजूला शब्द. चुकलेलं कार्ड पुन्हा पहिल्या दिवसाच्या गठ्ठ्यात टाकायचं.

एक शब्द कधी एकटा लिहू नकोस, कुटुंबासकट लिही. ‘सक्सीड’ घेतलास तर ‘सक्सेस’, ‘सक्सेसफुल’, ‘सक्सेसफुली’ आणि ‘अनसक्सेसफुल’ही. कंसात दिलेल्या शब्दाचं योग्य रूप लिहा, या प्रश्नाला हेच लागतं. त्यात दोन गोष्टी तपास: रिकाम्या जागी नाम हवं, विशेषण हवं की क्रियाविशेषण, आणि अर्थ होकारी आहे की नकारी. वाक्यात पुढे निराशा असेल तर प्रयत्न ‘अनसक्सेसफुल’च असणार, पण ‘सक्सेसफुल’ व्याकरणात बसतो म्हणून मुलं तेवढ्यावर थांबतात. नकारी उपसर्गही नीट बघ: ‘पॉसिबल’ला ‘इम’, ‘लीगल’ला ‘इल’, ‘रेग्युलर’ला ‘इर’. ‘स्ट्राँग’चं ‘स्ट्रेंग्थ’, ‘डीप’चं ‘डेप्थ’ होताना स्पेलिंग बदलतं. ‘प्रनाउन्स’मधला पहिल्या एननंतरचा ओ ‘प्रनन्सिएशन’मध्ये नाहीसा होतो, हे तर हटकून विचारतात.

शब्द कोणाबरोबर नांदतो तेही कार्डावर लिही. चूक ‘मेक’ करतात, गृहपाठ ‘डू’ करतात, परीक्षा ‘टेक’ करतात. आणि सारखे दिसणारे शब्द शेजारी-शेजारी ठेवून शिकू नकोस, त्याने गोंधळ वाढतो. आधी ‘अफेक्ट’ हे क्रियापद पक्कं कर, चार दिवसांनी ‘इफेक्ट’ हे नाम घे. ‘राइज’ स्वतः वर जातं, ‘रेझ’ला कोणीतरी उचलणारं लागतं. ‘लाय’ म्हणजे आडवं होणं, त्याचा भूतकाळ ‘ले’. आणि काहीतरी ठेवणं या अर्थाचं क्रियापदही ‘ले’, त्याचा भूतकाळ ‘लेड’. ही चौकट एकदा स्वतःच्या वाक्यांत लिहून काढ.

वेळ किती? रोज पन्नास मिनिटं पुरेत. दहा मिनिटं कार्डं, तीस मिनिटं एकाच प्रकारची वाक्यं, दहा मिनिटं चुकांची वही. शेवटचे दोन आठवडे मात्र प्रकार मिसळून सोडव. प्रश्नाच्या डोक्यावर ‘व्हॉइस’ किंवा ‘काळ’ लिहिलेलं असलं की निम्मं उत्तर आधीच मिळालेलं असतं. मिसळलेल्या सरावात ते आपल्याला ओळखावं लागतं. दर चौथ्या दिवशी एक पूर्ण पेपर घड्याळ लावून.

पेपर हातात आला की एकूण मिनिटांतली शेवटची दहा बाजूला काढ, उरलेली गुणांच्या प्रमाणात वाट. उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरण्याआधी उतारा एकदा पूर्ण वाच. एका जागी किती शब्द लिहायचे, ते सूचनेत बघ. चुकीच्या उत्तराला गुण कापत नसतील तर एकही जागा कोरी सोडू नकोस. शेवटच्या दहा मिनिटांत सगळं पुन्हा वाचायचा प्रयत्न करू नकोस. क्रियापदाचा शेवटचा एस, ईडी, आर्टिकल आणि स्पेलिंग, एवढंच बोट ठेवून बघ. पहिलं सुचलेलं उत्तर बदलायचं असेल तर वाक्यातला कोणता शब्द ते बदलायला लावतोय ते सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर हात लावू नकोस.

या रविवारी पहिला पेपर सोडवलास की वहीच्या पहिल्या दोन पानांचा फोटो पाठव. चुकांची कारणं तू काय लिहिलीस ते मला बघायचंय, त्यावरून पुढच्या आठवड्याची वाक्यं निवडून पाठवते.

तुझी,
आई