मानेवरून हात फिरवून पाहा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा) विषाणू आणि घशाच्या कर्करोगाची तपासणी

महोदय,

मी बार्शी तालुक्यात दातांचा दवाखाना चालवतो. गेल्या पावसाळ्यात एक गुरुजी दाढ दाखवायला आले. वय 46. उजव्या जबड्याच्या कोनाखाली बोराएवढी गाठ दिसत होती. विचारले तर म्हणाले, “ती जुनीच आहे, दुखत नाही,” आणि पुन्हा दाढेकडे बोट केले. ती गाठ सात महिने अंगावर होती. मधल्या काळात अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, मग टीबीचा संशय आला, तो फिटेपर्यंत आणखी वेळ गेला. गावातल्या तपासणी शिबिरातही ते रांगेत बसले होते. तंबाखू? नाही. मावा, गुटखा, बिडी? नाही. गालाच्या आतून विजेरी फिरली आणि “काही नाही गुरुजी, जा” असे सांगून त्यांना सोडले. ते खोटे बोलले नव्हते. या माणसाने आयुष्यात सुपारीचे खांडसुद्धा तोंडात टाकलेले नाही.

मी जीभ दाबून त्यांना ‘आ’ म्हणायला लावले, तर उजवा टॉन्सिल डाव्याच्या दुप्पट. बोटाला टणक लागला. तुकडा तपासायला पाठवला, कर्करोग निघाला. त्याच तुकड्यावर केलेली पी-16 चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे या रोगाच्या मुळाशी एचपीव्ही विषाणू असण्याची दाट शक्यता.

आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे पहिले कारण तंबाखू आणि सुपारी हेच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. 2012 पासून राज्यात गुटखाबंदी आहे आणि तरी माझ्या खुर्चीवर रोज कुणीतरी बसते, ज्याच्या तोंड आखडल्यामुळे आत दोन बोटेसुद्धा जात नाहीत. पण टॉन्सिल आणि जिभेचे मूळ या जागांचा कर्करोग वेगळा आहे. तिथे एचपीव्ही-16 हा प्रकार वर्षानुवर्षे दबा धरून बसतो. अमेरिकेत घशाच्या या भागातले सुमारे 70 टक्के कर्करोग एचपीव्हीशी जोडले जातात. आपल्याकडे हे प्रमाण बरेच कमी आहे, पण ज्याच्या घरात तो रोग येतो त्याला प्रमाणाशी काय देणेघेणे!

आता तपासणीबद्दल. लाळेतून किंवा गुळण्यांतून एचपीव्ही शोधणाऱ्या चाचण्यांची शिबिरे राज्याने घेऊ नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. तोंडात विषाणू सापडला म्हणजे कर्करोग होणार असे नाही. बहुतेकांचे शरीर तो एक-दोन वर्षांत आपोआप घालवते. शिवाय याच विषाणूमुळे स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो, पण तिथे कर्करोगाआधीची अवस्था दिसते, तेव्हाच उपचार करता येतात. टॉन्सिलच्या खाचांत तशी अवस्था पकडण्याचे साधन आज नाही. मग अशा शिबिरातून गावात भीती तेवढी पसरेल.

गर्भाशयमुखाची गोष्ट मी मुद्दाम काढली. 1999 मध्ये आमच्या शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना घेऊन एक मोठा अभ्यास सुरू झाला. 2009 मध्ये त्याचे निष्कर्ष आले: एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. जगभर हा दाखला दिला जातो. आणि त्याच जिल्ह्याच्या वेशीवर आजही मला अशा बायका भेटतात, ज्यांची ही चाचणी कधीच झालेली नाही. विषाणूच्या चाचणीवर पैसा घालायचा असेल तर तो इथे घाला.

घशासाठी लागतो तो माणसाचा हात. केरळात तिरुवनंतपुरमच्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसते नजरेने तोंड तपासले, तरी तंबाखू-दारूचे सेवन करणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ती माणसे डॉक्टर नव्हती. आमच्याकडच्या शिबिरांत मानेला हात लावलेला मी क्वचितच पाहिला आहे. तीन आठवड्यांहून जुनी, न दुखणारी गाठ, एकाच बाजूचा सुजलेला टॉन्सिल, गिळताना एकाच बाजूला टोचणे, एका कानात ठणका: यातले काहीही असेल तर, तंबाखूचे उत्तर ‘नाही’ असले तरी, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे चिठ्ठी गेली पाहिजे. उपकेंद्रावरच्या ताईंना अर्ध्या दिवसात हे शिकवता येते. मी शिकवायला तयार आहे, मानधन नको.

घशाच्या कर्करोगाच्या प्रत्येक तुकड्यावर पी-16 चाचणी सरकारी रुग्णालयांत मोफत व्हावी आणि तिचा निकाल नोंदवला जावा. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 मध्ये याच बार्शीत सुरू झाली. आकडे नीट ठेवायची सवय या मातीला आहे.

गुरुजींकडे परत येतो. निदान झाल्यावर त्यांच्या पत्नी एकट्या दवाखान्यात आल्या. शेवटचा रुग्ण जाईपर्यंत बाकावर बसून राहिल्या. मग पदर सावरत अगदी हळू विचारले, “डॉक्टर, हे यांना कुणाकडून आलं?” कुणीतरी मोबाइलवर वाचून त्यांना सांगितले होते की हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. मी सांगितले, वहिनी, हा इतका सर्रास आढळतो की बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो, आणि वीस-वीस वर्षे निपचित राहू शकतो. यात कुणाचा दोष शोधू नका. त्या खूप वेळ रडल्या. हे समजावून सांगणारे माणूस आपल्या किती रुग्णालयांत आहे, महोदय?

एचपीव्हीला रोखणाऱ्या लसीबद्दल एकच मागणी: मुलग्यांना वगळू नका. पुण्यात बनणाऱ्या सर्व्हाव्हॅक लसीला 2022 मध्ये मान्यता मिळाली ती मुली आणि मुलगे दोघांसाठी. ऑस्ट्रेलिया 2013 पासून आणि ब्रिटन 2019 पासून शाळेतल्या मुलग्यांना एचपीव्हीची लस देत आहेत. लसीने घशातला संसर्ग कमी होतो हे दिसले आहे. कर्करोग किती घटला ते कळायला अजून वर्षे जातील. आधी मुली, हे मला मान्य आहे. पण मुलग्यांचा टप्पा कधी, हे आपण सांगायला हवे.

गुरुजींनी मुंबईत ‘लाईट’, म्हणजे रेडिएशनचे उपचार, घेतली. आता शाळेत रुजू झाले आहेत. लाळ आटल्यामुळे पाण्याची बाटली सतत हातात असते, दर चार वाक्यांनंतर एक घोट. परवा दात दाखवायला आले तेव्हा तेरा वर्षांच्या मुलाला सोबत आणले होते. “याला ती लस कुठे मिळेल?” त्यांनी विचारले. खासगीत मिळेल, असे म्हणून मी खर्च सांगितला. ते गप्प राहिले.

त्यांना मी काय सांगू, हे आपण कळवावे.

आपला,
बार्शी तालुक्यातील एक दंतवैद्य